उष्णतेचे बचतखाते

१९९३ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा कोल्हापुरात एका बँकेच्या शाखेचा व्यवस्थापक होतो. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती आणि वीज गेलेली होती. डोक्यावरचा पंखा थांबलेला, मानेवरून घाम ओघळतोय आणि समोर फायलींचा ढीग. अशा वेळी उद्यमनगरातले एक वयस्कर मिस्त्री कापडी पिशवी घेऊन केबिनमध्ये आले. नमस्कार झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक यंत्र काढून टेबलावर ठेवले. चहाच्या डब्याएवढे असेल. दोन नळकांडी, एक चाक आणि दोन-तीन दांडे. त्याखाली त्यांनी स्पिरिटचा दिवा पेटवला. मिनिटभराने चाकाला टिचकी मारली आणि चाक फिरायला लागले. पाणी नाही, वाफ नाही, पेट्रोल नाही. आवाजही जवळजवळ नाही. आत काय घातले आहे असे मी विचारले. आत फक्त हवा आहे आणि तीसुद्धा पहिल्यापासून तीच, असे ते म्हणाले.

मिस्त्रींना पंचेचाळीस हजार रुपये कर्ज हवे होते. उसाच्या पाचटावर चालणारे आणि विहिरीचे पाणी उपसणारे मोठे इंजिन त्यांना करायचे होते. हा शोध कोणाचा, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले की पावणेदोनशे वर्षांपूर्वी विलायतेत एक पाद्री होता, त्याचा. मला हसू आले. पाद्रीबाबांनी बायबल सोडून इंजिने केव्हापासून करायला घेतली, असे काहीतरी मी बोललोही. आठवड्याभरात त्यांचा अर्ज नामंजूर झाला. नामंजूर करणारी सही माझी होती.

पुढे बँक सोडली, कादंबऱ्या लिहू लागलो. एका कादंबरीत रेल्वेचा काळ आणायचा होता, म्हणून जुन्या वाफेच्या इंजिनांबद्दल वाचत होतो. त्यात पॅट्रिक स्टर्लिंग या इंग्लंडमधल्या नामांकित रेल्वे अभियंत्याचे नाव आले आणि त्याच्या वडिलांबद्दल दोन ओळी आल्या. वडील स्कॉटलंडमधल्या एका खेड्यात पाद्री होते आणि त्यांनी हवेचे इंजिन शोधून काढले होते. मी पुस्तक मिटून ठेवले. त्या दिवशी पुढे वाचवले नाही.

रॉबर्ट स्टर्लिंग यांचा जन्म २५ ऑक्टोबर १७९० चा. गाव स्कॉटलंडच्या पर्थशायर परगण्यातल्या मेथ्वेनजवळचे. घर शेतकऱ्याचे, पण साधे शेतकऱ्याचे नव्हे. आजोबा मायकेल यांनी धान्य मळण्याचे यंत्र केल्याचे सांगतात. म्हणजे घरात नांगराइतकीच पान्या-हातोड्याची सवय होती. रॉबर्ट अभ्यासात हुशार. एडिंबरा आणि ग्लासगो इथल्या विद्यापीठांत त्यांनी शिक्षण घेतले आणि धर्मशास्त्राकडे वळले. सप्टेंबर १८१६ मध्ये किल्मार्नॉक गावच्या चर्चमध्ये त्यांची दुय्यम पाद्री म्हणून नेमणूक झाली. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस या पंचवीस वर्षांच्या नव्या पाद्रीबाबांनी एका इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला.

आपल्याकडे एखाद्या नव्या कीर्तनकाराने गादीवर बसल्याच्या पंधरवड्यात पाण्याच्या पंपाचा हक्क नोंदवावा, तसा हा प्रकार. पण त्या काळच्या स्कॉटलंडमध्ये तो फारसा विचित्र वाटला नसावा. जेम्स वॉट अजून हयात होते. वाफेच्या इंजिनाने सगळ्या देशाचे डोके भारून टाकले होते आणि विद्यापीठात धर्मशास्त्र शिकणारा मुलगा गणित आणि पदार्थविज्ञानही शिकत असे. किल्मार्नॉकमध्ये थॉमस मॉर्टन नावाचे एक कारागीर होते. दुर्बिणी करण्याचा त्यांना छंद. त्यांनी स्टर्लिंगना काम करायला जागा आणि हत्यारे दिली. चर्चमधून तिकडे आणि तिकडून चर्चमध्ये, असे त्यांचे दिवस जात असावेत.

ते इंजिन नेमके काय होते, ते समजायला फार शाळा लागत नाही. सायकलची ट्यूब कडक भरून ती मे महिन्याच्या उन्हात डांबरी रस्त्यावर उभी केली की कधीकधी फटकन फुटते. बाहेरून कोणी हवा भरलेली नसते. आतली हवा तापलेली असते, एवढेच. हवेचे कण तापले की अधिक वेगाने धावतात. जागा मोकळी असेल तर ते पसरतात. जागा बंद असेल तर भिंतींवर जास्त जोराने आणि जास्त वेळा आदळतात, आणि भिंतींना बसणाऱ्या या असंख्य धडकांनाच आपण दाब म्हणतो. गियोम आमोंताँ नावाच्या एका बहिऱ्या फ्रेंच संशोधकाने सतराव्या शतकाच्या शेवटी हे मोजून पाहिले होते. थंड पाण्यातले हवेचे भांडे उकळत्या पाण्यात नेले की आतला दाब सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, असे त्यांना आढळले. आज आपण हाच हिशेब निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे उणे २७३ अंशांपासून करतो. २७ अंशांची हवा म्हणजे तिथून मोजलेले ३०० अंश. ती बंद भांड्यात ३२७ अंशांपर्यंत तापवली की ६०० झाले. तापमान दुप्पट, म्हणून दाबही दुप्पट.

दाब दुप्पट म्हणजे किती, हा खरा प्रश्न. आपल्या अंगावर नेहमीच्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो. वीस सेंटिमीटर रुंदीचा, म्हणजे आपल्या जेवणाच्या ताटाहून लहान, गोल दट्ट्या घ्या. त्याचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. आतला दाब दुप्पट झाला की बाहेरच्या हवेचा विरोध वजा जाता त्या दट्ट्यावर तीन क्विंटलहून जास्त जोर येतो. हमालाने एकावर एक रचलेली तांदळाची तीन पोती उचलणारी ही ताकद नुसत्या तापलेल्या हवेत असते. मी हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा चूक झाली असे वाटून दोनदा केला. बँकेतली सवय.

पण एकदा दट्ट्या ढकलला म्हणजे इंजिन झाले नाही. तो परत आला पाहिजे, आणि मिनिटात अनेकदा जा-ये केली पाहिजे. त्यासाठी हवा पुन्हा थंड व्हायला हवी, म्हणजे दाब उतरेल. एकच भांडे मिनिटात अनेकदा तापवायचे आणि थंड करायचे हे शक्य नाही, कारण धातूच लवकर तापत नाही आणि निवत नाही. स्टर्लिंग यांनी भांडे जागच्या जागी ठेवले आणि हवेला हलवले. नळकांड्याचे एक टोक कायम आगीवर, दुसरे कायम थंड. आत एक सैल दट्ट्या. तो थंड टोकाकडे गेला की हवा त्याच्या कडेने गरम टोकाकडे ढकलली जाते, तापते, दाब चढतो आणि दुसरा घट्ट बसवलेला दट्ट्या बाहेर लोटला जातो. सैल दट्ट्या गरम टोकाकडे आला की तीच हवा थंड टोकाकडे जाते, दाब पडतो, आणि बाहेरची हवा व फिरत्या चाकाचा जोर घट्ट दट्ट्याला आत आणतात. हवा बाहेर कुठेच जात नाही. तिला फक्त घरातल्या घरात स्वयंपाकघरातून ओसरीवर आणि ओसरीवरून स्वयंपाकघरात हिंडवायचे.

आणि या दोन खोल्यांच्या मधल्या वाटेवर स्टर्लिंग यांनी जे ठेवले, ती त्यांची खरी कमाई. हवेच्या वाटेवर त्यांनी पातळ धातूचा, तारांचा एक अडसर ठेवला. गरम हवा थंड बाजूला जाताना आपली उष्णता या तारांजवळ ठेवून जायची आणि परत येताना तीच उष्णता उचलून घ्यायची. म्हणजे दर खेपेला सगळी हवा नव्याने तापवायला नको. जी उष्णता वाया जाणार होती ती जमा करायची आणि गरज पडली की काढायची. मी आयुष्यभर लोकांची बचतखाती उघडली, पण उष्णतेचेही खाते उघडता येते हे मला कोणी सांगितले नव्हते. स्टर्लिंग यांनी त्याला काटकसर करणारा, अशा अर्थाचेच नाव दिले होते.

त्यांच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगतात. वाफेच्या इंजिनांचे बॉयलर फुटून गावातले मजूर भाजत, मरत. ते पाहून दयाळू पाद्रीबाबांनी न फुटणारे इंजिन शोधले, अशी ती गोष्ट. गोष्ट छान आहे आणि बॉयलर फुटत असत हेही खरे. पण १८१६ च्या पेटंटचे शीर्षकच इंधनाचा खर्च कमी करण्याविषयी आहे. मला तरी असे वाटते की या माणसाला वाया जाणारा कोळसा पाहवत नव्हता. दयेपेक्षा काटकसर हा गुण आपल्याला कमी दर्जाचा वाटतो, म्हणून आपण त्यांच्या चरित्रात दया आधी घालतो. माझ्यासारख्या हिशेबाच्या माणसाला त्यांची काटकसरच जास्त आवडली. आणखी एक. सादी कार्नो यांनी उष्णतेपासून जास्तीत जास्त किती काम मिळेल याचा सिद्धान्त मांडला तो १८२४ मध्ये. स्टर्लिंग यांचे पेटंट त्याच्या आठ वर्षे आधीचे. सिद्धान्त यायच्या आधी त्याचे यंत्र येऊन बसले होते.

१८१८ मध्ये एअरशायरमधल्या एका दगडाच्या खाणीत त्यांचे इंजिन पाणी उपसू लागले. काही काळ चालले. मग तापणाऱ्या भांड्याचा तळ प्रमाणाबाहेर तापला आणि दाबाखाली दबून गेला. सगळ्या आयुष्यभर त्यांना छळणारी अडचण त्या पहिल्याच इंजिनात हजर होती.

ही अडचण कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. पाणी घातलेले पातेले तासभर चुलीवर राहिले तरी बिघडत नाही. पाणी आटले की मात्र तळ लाल होतो, करपतो. वाफेच्या बॉयलरमध्ये पाणीच लोखंडाची राखण करते. उष्णता पाण्यात निघून जाते आणि लोखंड फार तापत नाही. हवेच्या इंजिनाला ही सोय नाही. हवा उष्णता घाईने घेत नाही, म्हणून ते पातेले कायमच कोरडे. शिवाय इथे तर जितके जास्त तापवावे तितका दाब जास्त, तितकी ताकद जास्त. म्हणजे इंजिन चांगले चालायचे असेल तर त्याचा तळ जळत राहिला पाहिजे. आणि त्या काळी हाताशी होते ते बिडाचे लोखंड. ते लाल उष्णतेवर वर्षानुवर्षे टिकत नाही.

१८१९ मध्ये त्यांचे लग्न झाले. पत्नीचे नाव जीन. १८२४ मध्ये ते जवळच्याच गॉल्स्टन गावाचे पाद्री झाले आणि मग कुठेच गेले नाहीत. विणकरांचे आणि कोळसा खाणीतल्या कामगारांचे गाव. तिथे त्यांनी चौपन्न वर्षे चर्च सांभाळले. बारशी, लग्ने, मर्तिके, रविवारचे प्रवचन. मुलेही मोठी होत होती. सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने १८४० मध्ये त्यांना धर्मशास्त्राची सन्माननीय डॉक्टरेट दिली. म्हणजे एकीकडे यंत्रात गुंतलेले असूनही धर्माच्या कामात त्यांनी कसूर केली नव्हती. यंत्रांच्या बाबतीत मात्र त्यांना एकट्याने पुढे जाणे शक्य नव्हते. ती बाजू उचलली धाकटे भाऊ जेम्स यांनी. जेम्स व्यवसायाने अभियंते होते. १८२७ आणि १८४० मध्ये या दोघा भावांनी मिळून आणखी पेटंटे घेतली.

यातली महत्त्वाची सुधारणा अशी की इंजिनात साधी हवा न भरता आधीच दाबलेली हवा भरायची. वरच्या उदाहरणातल्या दट्ट्यामागे नेहमीच्या दहापट दाबाची हवा भरली असे धरा. ती तापवून दुप्पट केली की वाढ एकपट हवेची नव्हे, दहापटीची होते. तीन पोत्यांऐवजी तीस पोती. इंजिनाचा आकार तोच राहून ताकद कितीतरी वाढते. अर्थात भांड्याच्या भिंतींवरचा ताणही तेवढाच वाढतो. तळ तर आधीच जळत असतो.

जेम्स हे डंडी शहरातल्या एका ओतीव कारखान्याचे व्यवस्थापक होते. १८४३ मध्ये त्यांनी तिथले चालू वाफेचे इंजिन बदलून त्याचे हवेचे इंजिन केले आणि कारखान्याची सगळी यंत्रे त्यावर जोडली. हे खेळणे नव्हते. सुमारे पंचेचाळीस अश्वशक्तीचे ते इंजिन वाफेच्या इंजिनापेक्षा बरेच कमी कोळशात काम करत होते. १८४५ मध्ये जेम्स यांनी लंडनला अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यावर निबंध वाचला. गॉल्स्टनच्या पाद्रीबाबांना त्या वर्षी किती आनंद झाला असेल याची कल्पना करावी. तीस वर्षांपूर्वी मनात आलेली गोष्ट एका मोठ्या कारखान्याचा गाडा ओढत होती.

मग तापणारे नळकांडे गेले. ते बदलले. काही महिन्यांनी पुन्हा गेले. पुन्हा बदलले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा १८४७ साल उजाडले होते, आणि कारखान्याने पुन्हा वाफेचे इंजिन बसवले. याबद्दल मी कारखान्याच्या मालकांना दोष देऊ शकत नाही. काम खोळंबते तेव्हा कोळशाची बचत कोणाला दिसत नाही. कर्जाच्या तक्त्यात मीही तेच पाहत आलो.

त्याच सुमारास ग्लासगो विद्यापीठात विल्यम थॉमसन नावाचे एक तरुण प्राध्यापक होते. पुढे ते लॉर्ड केल्व्हिन झाले. निरपेक्ष शून्यापासून तापमान मोजण्याची पट्टी आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. विद्यापीठात स्टर्लिंग यांनी दिलेले हवेच्या इंजिनाचे एक छोटे मॉडेल होते. थॉमसन यांनी ते वर्गात चालवून दाखवले आणि उष्णता व काम यांच्या नात्याचा विचार करताना त्याचा आधार घेतला. कारखान्यातून हाकललेले इंजिन शाळेच्या फळ्याजवळ उभे राहिले आणि एक नवे शास्त्र घडवू लागले. पाद्रीबाबांना याचे समाधान वाटले असेल का? माझा अंदाज, थोडेच. त्यांना कोळसा वाचवायचा होता.

त्यांची मुले मोठी झाली, आणि काय व्हावे? पॅट्रिक आणि जेम्स हे दोघे रेल्वेचे अभियंते झाले. पॅट्रिक यांनी १८७० मध्ये केलेले आठ फूट व्यासाच्या एकेरी चाकांचे वाफेचे इंजिन इतके देखणे होते की ते आजही इंग्लंडमध्ये जपून ठेवले आहे. ज्या वाफेला हटवण्यासाठी बापाने आयुष्य घातले, त्याच वाफेवर मुलांनी नाव कमावले. घरात यावरून थट्टा होत असणार. रविवारी जेवणाच्या टेबलावर म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी मुलांच्या इंजिनांच्या कोळशाचा हिशेब विचारला असेल, असे माझ्यातल्या कादंबरीकाराला राहून राहून वाटते.

१८७६ मध्ये, वयाच्या शहाऐंशीच्या घरात असताना, रॉबर्ट स्टर्लिंग यांनी आपल्या इंजिनाबद्दल एक पत्र लिहिले. बेसेमर यांची पोलाद करण्याची पद्धत १८५६ मध्ये निघाली होती आणि आता चांगले पोलाद स्वस्तात मिळू लागले होते. पत्राचा आशय असा, की हे पोलाद पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी हाती असते तर हवेचे इंजिन नक्की यशस्वी झाले असते. पुढे कोणीतरी हे काम हाती घेईल आणि त्या वेळी धातू त्याच्या बाजूने असेल, अशी आशाही त्यात आहे. मी या पत्राबद्दल जेव्हा वाचले तेव्हा त्यात तक्रारीचा सूर शोधत होतो. तो सापडला नाही. दोन वर्षांनी, ६ जून १८७८ रोजी गॉल्स्टनमध्येच ते वारले.

धातू पुढे आला. १९३० च्या दशकात हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने वीज नसलेल्या भागात रेडिओ चालवण्यासाठी हे इंजिन पुन्हा हाती घेतले. तिथल्याच संशोधकांनी त्याला स्टर्लिंग इंजिन हे नाव रूढ केले. हेच चक्र उलटे फिरवले, म्हणजे बाहेरून ताकद लावून यंत्र चालवले, की ते अतिशय थंडी निर्माण करते. त्यावर हवेचे द्रवात रूपांतर करणारी यंत्रे निघाली. अंधारात पाहणाऱ्या कॅमेऱ्यांचे डोळे थंड ठेवण्यासाठीही ही युक्ती वापरतात. १९९६ मध्ये स्वीडनच्या नौदलात दाखल झालेल्या गॉटलंड पाणबुडीत ही इंजिने बसवली आहेत. आत स्फोट होत नसल्याने ती शांतपणे चालतात. आपल्या देशातही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, वीज पोचली नव्हती अशा बंगल्यांतून रॉकेलच्या दिव्यावर चालणारे उष्ण हवेचे पंखे फिरत असत. म्हणजे त्या दुपारी बंद पंख्याखाली घामाघूम होऊन मी ज्या यंत्राला हसलो, त्याच यंत्राने इथे एकेकाळी पंखे फिरवले होते.

नोकरीत असताना नामंजूर केलेल्या अर्जांची त्रोटक नोंद मी माझ्या खासगी डायरीत ठेवत असे. कशासाठी, ते आज सांगता येणार नाही. कादंबऱ्यांसाठी असेल. स्टर्लिंग यांचे ते पत्र कळल्यावर मी १९९३ ची डायरी माळ्यावरून काढली. मे महिन्यात मिस्त्रींची नोंद सापडली. रक्कम पंचेचाळीस हजार. नामंजुरीचे कारण, यंत्राची व्यवहार्यता सिद्ध नाही. कर्जाचा उद्देश या रकान्यात मिस्त्रींनी स्वतः अर्जात लिहिलेले मी जसेच्या तसे उतरवून ठेवले होते. गरम बाजूची लोखंडी नळी दर दोन महिन्यांनी जळून भोक पडते, सबब स्टेनलेस स्टीलची जाड नळी आणि तिचे टर्निंग.

गेल्या दिवाळीत कोल्हापूरला गेलो होतो तेव्हा उद्यमनगरात चौकशी केली. त्या शेडमध्ये आता दुचाकींच्या सीटची कव्हरे शिवतात. शिवणाऱ्या मुलाला जुन्या मिस्त्रींबद्दल काही माहिती नव्हती. मागच्या भिंतीशी एक गंजलेले मोठे चाक मात्र टेकवून ठेवलेले होते. ते कशाचे, असे मी विचारले. आधीपासून तिथेच आहे, असे तो म्हणाला आणि पुन्हा मशीनवर बसला.